नवी दुर्बीण घेण्यासाठी जुनी दुर्बीण डीलरच्या हवाली करावी का?

प्रश्न (चिपळूणच्या एका वाचकांच्या पत्राचा सारांश): मी निवृत्त शिक्षक असून पक्षीनिरीक्षण करतो. गेल्या नोव्हेंबरात पुण्यातील एका डीलरकडून ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगांची) आयात केलेली दुर्बीण ७८,५०० रुपयांना घेतली. बिल आणि दहा वर्षांचे वॉरंटी कार्ड आहे. माहितीपत्रकात ती जलरोधक व नायट्रोजन भरलेली असल्याचे म्हटले आहे. जुलैत उजव्या नळीच्या आत धुके धरू लागले. सर्व्हिस सेंटरने साफ करून परत दिली. सप्टेंबरात तोच दोष पुन्हा आला, तेव्हा ‘बुरशी, साठवणीतील निष्काळजीपणा, वॉरंटीत बसत नाही’ असा शेरा मारून ९,२०० रुपयांचे अंदाजपत्रक दिले. आता याच कंपनीचे नवे मॉडेल आले असून त्याची किंमत ९४,००० रुपये आहे. जुनी दुर्बीण आणि वर ५८,००० रुपये दिल्यास नवी देतो, असे डीलर म्हणतात. मात्र ‘जुन्या दुर्बिणीबाबत माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’ अशा पत्रावर सही हवी आहे. मी १०,००० रुपये आगाऊ भरले आहेत, पावतीवर ‘परत मिळणार नाहीत’ असा शिक्का आहे आणि माल केव्हा येईल हे डीलर सांगत नाहीत. नवे मॉडेल घ्यावे का? घ्यायचे नाही असे ठरवले, तर आगाऊ रक्कम बुडेल का?

उत्तर: आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. नवी दुर्बीण घ्यावी की नाही हा एक, आणि जुनी दुर्बीण त्या व्यवहारात द्यावी की नाही हा दुसरा. पहिल्याचा निर्णय आपण आपल्या डोळ्यांनी आणि खिशाने करावयाचा आहे. दुसऱ्याबाबत मात्र माझे मत स्पष्ट आहे: डीलर मागतात त्या अटींवर जुनी दुर्बीण त्यांच्या हवाली करू नये आणि त्या पत्रावर सही करू नये.

याचे पहिले कारण असे की ती दुर्बीण हाच आपल्या तक्रारीचा मुख्य पुरावा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८(२)(क) नुसार, वस्तूतील दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल तर ग्राहक आयोग (ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारे न्यायपीठ) ती वस्तू मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि साधारणपणे पंचेचाळीस दिवसांत अहवाल मागवतो. वस्तूच ताब्यात नसेल, तर पाठवणार काय? दुसरे कारण करार अधिनियम, १८७२ मधील आहे. कलम ६२ नुसार पक्षकारांनी जुन्या कराराच्या जागी नवा करार केला, तर जुन्या कराराची पूर्तता करण्याची गरज उरत नाही, आणि कलम ६३ नुसार आपल्याला देय असलेल्या गोष्टीऐवजी दुसरे समाधान स्वीकारता येते. आपण सही करून नवी दुर्बीण घेतलीत, तर सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) पुढे याच कलमांकडे बोट दाखवतील. अशी सही नेहमीच हात बांधते असे नाही. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेर सिंग कॉटन अँड जनरल मिल्स या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, पूर्ण रक्कम मिळाल्याच्या पावतीवर केवळ सही आहे म्हणून ग्राहकाची तक्रार फेटाळता येत नाही. ती सही फसवणूक, गैरप्रभाव, चुकीचे निवेदन किंवा तत्सम दडपणाखाली घेतली होती, हे त्याला दाखवता येते. परंतु आपल्यावर असे दडपण आल्याचे पत्रातून दिसत नाही. मजकूर वाचून, विचार करून केलेली सही मागाहून उलटवणे अवघड असते, आणि इथे तर सही करण्यापूर्वीच आपण वकिलाला विचारले आहे.

आता दोषाकडे वळतो, कारण आपली खरी ताकद तिथे आहे. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २(१०) मधील ‘दोष’ या शब्दाची व्याख्या विस्तृत आहे. कायद्याने किंवा कराराने अपेक्षित असलेला दर्जा नसणे हा तर दोष आहेच, पण विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला असेल त्यात वस्तू उणी पडणे हाही दोषच ठरतो. म्हणून आपल्या हातातील माहितीपत्रक मोलाचे आहे. जलरोधक दुर्बिणीत आत कोरडा नायट्रोजन भरून नळ्या सीलबंद केलेल्या असतात, ते बाहेरची दमट हवा आत शिरून भिंगांवर बाष्प धरू नये यासाठीच. वातानुकूलित गाडीतून कोकणच्या पावसाळी हवेत उतरल्यावर बाहेरच्या काचेवर धुके येते, ते कापडाने पुसले जाते आणि तो दोष नव्हे. आतल्या काचेवरचे धुके पुसता येत नाही. एका नळीत ते धरत असेल आणि शेजारची नळी त्याच हवेत, त्याच पिशवीत, त्याच कपाटात राहून कोरडी असेल, तर सील गेल्याचा संशय बळावतो आणि साठवणीच्या सबबीला काही अर्थ उरत नाही.

आपण दोन्ही जॉबशीटच्या (सर्व्हिस सेंटरच्या दुरुस्ती-नोंदपत्रांच्या) प्रती पाठवल्यात हे फार चांगले झाले. जुलैच्या जॉबशीटवर ‘आत ओलावा, साफ केले’ असे सर्व्हिस सेंटरने स्वतः लिहिले आहे, बुरशीचा उल्लेख नाही. सप्टेंबरच्या जॉबशीटवर बुरशी आली. म्हणजे ओलावा आधी आणि बुरशी नंतर, हा क्रम त्यांच्याच हस्ताक्षरात नोंदलेला आहे. मधल्या काळात दुर्बीण त्यांनी उघडून साफ केली होती. पुन्हा बंद करताना सील नीट बसवले होते का आणि नायट्रोजन पुन्हा भरला होता का, याचे उत्तर देण्याची पाळी आता त्यांच्यावर आहे. वॉरंटी कार्डावर ‘बुरशी वगळून’ असे छापलेले असल्याचे आपण कळवले आहे. माझ्या मते ती अट, बुरशी हाच मूळ दोष असेल तिथे लागू पडेल. सदोष सीलमुळे ओलावा आला आणि त्यावर बुरशी धरली असेल, तर ती अट सीलच्या दोषावर पांघरूण घालू शकत नाही. तरीही दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची असते, हे विसरू नये. म्हणून दुर्बीण गावातल्या कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे उघडायला देऊ नका. नाहीतर ‘बाहेर उघडली म्हणून सील गेले’ हा बचाव आपण होऊन त्यांच्या हाती दिल्यासारखे होईल.

नवे मॉडेल हक्काने मागता येईल का? नाही. कलम ३९(१) नुसार आयोग दोष दूर करण्याचा, त्याच वर्णनाची निर्दोष नवी वस्तू देण्याचा, किंवा किंमत व्याजासह परत करण्याचा आदेश देऊ शकतो, शिवाय नुकसानभरपाईही देववू शकतो. ‘त्याच वर्णनाची’ म्हणजे आपले जुने मॉडेल. ते बंद झाले असेल तर किंमत परत करणे हा सरळ मार्ग उरतो. या दृष्टीने डीलरच्या प्रस्तावाचा हिशेब मांडून पाहा. नव्याची किंमत ९४,००० आणि मागणी ५८,०००, म्हणजे आपल्या दुर्बिणीला त्यांनी ३६,००० रुपये मोल लावले. जुन्याची किंमत पूर्ण परत मिळाली, तर नव्यासाठी आपल्याला फक्त १५,५०० रुपये भरावे लागतील. आपला वाद मुळात या दोन रकमांमधील ४२,५०० रुपयांचा आहे. आयोग आठ-नऊ महिन्यांच्या निर्वेध वापराची काही वजावट करू शकतो, हेही गृहीत धरावे.

‘लवकरच नवे मॉडेल येणार हे डीलरने खरेदीच्या वेळी सांगायला हवे होते’ ही आपली दुसरी तक्रार मात्र टिकणारी नाही. पुढे काय येणार हे विक्रेत्याने आपण होऊन सांगावे, असे बंधन कायद्यात नाही. आपण थेट विचारले असते आणि त्यांनी माहीत असूनही खोटे सांगितले असते, तर करार अधिनियमाची कलमे १७ ते १९ लागू झाली असती. नोव्हेंबरात ‘हेच सर्वांत नवे’ असे ते म्हणाले, ते त्या दिवशी खरेच होते. हा मुद्दा तक्रारीत घालू नका. कमकुवत मुद्दा चांगल्या मुद्द्यांचे वजन कमी करतो.

आगाऊ रकमेबाबत काळजी नसावी. पावतीवर ‘परत मिळणार नाहीत’ असा शिक्का मारल्याने पैसे विक्रेत्याचे होत नाहीत. करार अधिनियमाच्या कलम ७४ खाली सर्वोच्च न्यायालयाने फतेह चंद (१९६३) या निकालापासून कैलास नाथ असोसिएट्स (२०१५) पर्यंत मांडलेले सूत्र असे की, करारभंगाबद्दल वाजवी भरपाईच घेता येते आणि ती झालेल्या किंवा होणाऱ्या नुकसानीशी निगडित असावी लागते. अस्सल इसाराचे (सौदा पक्का केल्याची खूण म्हणून दिलेल्या रकमेचे) नियम थोडे वेगळे आहेत, पण आपल्या पावतीवर ‘ॲडव्हान्स’ असा शब्द आहे, माल आलेला नाही, तारीख दिलेली नाही आणि विक्रेत्याचे काहीच नुकसान झालेले नाही. शिवाय करार आपण मोडलेला नाही, पुरवठ्याची मुदत तेच सांगत नाहीत. मात्र एक तांत्रिक खबरदारी घ्यावी. या शिक्क्याला ‘अनुचित करार’ म्हणून आव्हान देऊ नये, कारण ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २(४६) खालील तशा तक्रारी कलम ४७ नुसार राज्य आयोगाकडे जातात, जिल्हा आयोगाकडे नाही. रक्कम अडवून ठेवणे ही सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा आहे, अशी मांडणी केल्यास सर्व तक्रार चिपळूणकरांसाठी रत्नागिरीच्या जिल्हा आयोगापुढेच चालू शकेल. डीलर पुण्याचे असले तरी कलम ३४(२)(ड) नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

पत्राच्या शेवटी आपण जाता जाता लिहिले आहे की हंगामात एका परिचितांच्या होमस्टेवरील पाहुण्यांना पक्षी दाखवायला नेता आणि मानधन घेता. सामनेवाले हे शोधून काढतील आणि ‘व्यापारी हेतूने खरेदी केली, म्हणून हे ग्राहकच नाहीत’ असा आक्षेप घेतील. लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खरेदीमागचा प्रमुख हेतू पाहावा असे म्हटले आहे. आपला प्रमुख हेतू छंद आहे, मानधन प्रासंगिक आहे. हे लपवू नका, तक्रारीतच एका वाक्यात नमूद करा; उलटतपासणीत बाहेर आलेली गोष्ट नेहमी असते त्याहून मोठी दिसते.

एवढे वाचूनही नवी दुर्बीण हवीच असेल, तर ती स्वतंत्र व्यवहार म्हणून घ्या, शक्य झाल्यास दुसऱ्या विक्रेत्याकडून. त्याआधी ती हातात घेऊन पाहा. वस्तू तपासण्याची वाजवी संधी मागण्याचा हक्क मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४१ ने दिलेला आहे. आपण पाठवलेल्या पत्रकानुसार दृश्यक्षेत्र (एका नजरेत दिसणारी रुंदी) ८.० अंशांवरून ८.३ अंशांवर गेले आहे, म्हणजे हजार मीटरवर सुमारे १४० मीटरच्या जागी १४५ मीटर. चष्मा लावून पाहणाऱ्याला ही पाच मीटरची वाढ दिसेलच असे नाही. सीलबाबत काही सुधारणा केल्याचे त्या पत्रकात एका शब्दानेही म्हटलेले नाही, आणि आपल्याला त्रास तर सीलनेच दिला आहे. खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली आहे ना, तेही पाहावे. ते नसेल तर भारतातील वॉरंटी मिळण्याची शाश्वती नसते.

एक्स्चेंजच करावयाचे ठरले, तर बिल पूर्ण किमतीचे मागा. जुनी वस्तू घेऊन नवी देताना वस्तू व सेवा कराच्या नियम २७ प्रमाणे नव्या वस्तूचे मूल्य तिच्या खुल्या बाजारभावाने धरले जाते, केवळ रोख भरलेल्या रकमेने नाही. बिलावर ५८,००० एवढाच आकडा आला, तर उद्या नव्या दुर्बिणीत दोष निघाल्यावर मोबदला तेवढाच होता असे म्हणायला डीलर मोकळे राहतील. आणि त्यांच्या मसुद्याऐवजी ‘जुन्या दुर्बिणीच्या दोषाबाबतचे माझे सर्व हक्क अबाधित राखून’ असे शब्द असलेले पत्र द्यावे. ते ही अट मान्य करणार नाहीत असा माझा अंदाज आहे. त्या नकारावरून या प्रस्तावात नेमके काय विकत घेतले जात होते, ते आपल्याला कळेल.

आता कृतीचे. डीलर, सर्व्हिस सेंटर आणि आयातदार या तिघांना स्पीड पोस्टने नोटीस पाठवून पंधरा दिवसांत ७८,५०० रुपये व आगाऊ रक्कम परत मागा. नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण ती दिलेली असणे चांगले. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, बरेचदा वाद तिथेच मिटतो. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही. प्रयोगशाळेचे शुल्क मात्र प्रथम आपल्याला भरावे लागेल. धुके धरलेल्या नळीचे फोटो मूळ स्वरूपात फोनमध्येच राहू द्या. आयोगापुढे पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागू होत नसला, तरी डीलरच्या व्हॉट्सॲप संदेशांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचे प्रमाणपत्र जोडावे.

चाचणी लागणाऱ्या तक्रारीसाठी कायद्याने पाच महिन्यांची मुदत अपेक्षिली आहे, प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक काळ लागतो. म्हणून मध्यंतरी डीलर २०,००० ते २५,००० रुपयांच्या फरकात नवी दुर्बीण द्यायला तयार झाले, तर मी आपल्याला तडजोड स्वीकारण्याचा सल्ला देईन, आणि तेव्हा ‘तक्रार उरलेली नाही’ या पत्रावर सही करायलाही हरकत नाही, कारण त्या सहीची पुरेशी किंमत आपल्याला मिळालेली असेल. तडजोड झाली नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ६९ ची तक्रार दाखल करण्याची दोन वर्षांची मुदत जुलैच्या पहिल्या जॉबशीटच्या तारखेपासून मोजा. सप्टेंबरच्या नकारापासून मोजता येईल असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबून राहू नये.