दावण्याला सवय लागत नाही

अगं, तुझा मेसेज परवाच बघितला, घरात पाहुणे होते म्हणून उत्तर राहिलं. "मॅडम, पप्पा म्हणतात दावण्याला औषधाची सवय झालीय, हीच उत्क्रांती का?" दावण्या म्हणजे आपल्या द्राक्षबागेत पानांवर येणारा बुरशीसारखा रोग, डाऊनी मिल्ड्यू. तर उत्तर हो पण आणि नाही पण, आणि सगळी गंमत त्या 'नाही'तच आहे, म्हणून जरा लांबड लावते, चहा घेऊन बस.

आधी तो 'सवय' शब्द डोक्यातनं काढ. सवय तंबाखूची लागते, मोबाईलची लागते. दावण्याच्या एका बीजाणूला कसलीच सवय लागत नाही, तो जगतो नाहीतर मरतो, विषय संपला. फळछाटणीनंतर पाऊस लागला, पानामागं पांढरी लव दिसली, पप्पांनी पंप काढला. आता बागेत बीजाणू असतात अगणित, आणि ते सगळे एकसारखे नसतात, कारण डीएनएची नक्कल होताना बारक्या चुका होतच राहतात. त्यातल्या एखाद्याची चूक बरोबर औषध जिथं चिकटतं तिथंच झालेली असते. ॲझॉक्सिस्ट्रोबिनच्या गटातल्या औषधांचं तर हे अगदी नेमकं माहितीय, एका प्रथिनात १४३ व्या जागेवर ग्लायसिन ह्या अमिनो आम्लाच्या ऐवजी ॲलॅनिन आलं की औषधाला धरायला जागाच राहत नाही. एवढीशी चूक! आणि ती फवारणीमुळं झालेली नाही बरं का, चूक आपोआप होते, औषधाला विचारून होत नाही. फवारणीनं काय केलं तर बाकीचे मारले आणि ह्याला रान मोकळं करून दिलं, मग चार फवारण्यांनंतर बागेत सगळी ह्याचीच पोरंबाळं. एकही बीजाणू बदलला नाही, बदलली ती गर्दी. हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मा विषय झाला. बोर्डो मिश्रण १८८५ पासून अजून चालतंय ते पण ह्याचमुळं, ते एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी मारतं, त्यातनं एका चुकीनं सुटका होत नाही. (दावण्याला शास्त्रज्ञ आता खरी बुरशी मानत नाहीत, तो शेवाळांच्या जवळचा निघाला, पण हे पप्पांना सांगत बसू नको.)

खरं सांगायचं तर मी स्वतः कितीतरी वर्षं वर्गात "प्राण्यांनी वातावरणाशी जुळवून घेण्यासाठी बदल केले" असंच शिकवलं. पुस्तकात तसं वाक्य होतं, मी फळ्यावर लिहीत गेले. एका पोरानं विचारलं, बाई त्यांना कळलं कसं काय बदलायचं ते? मला उत्तर आलं नाही, मी त्याला गप्प बसवला, ते अजून टोचतं. त्या 'साठी'नंच सगळा घोळ केलाय. तुझ्या वहीत जिथं जिथं 'साठी' दिसेल तिथं थांब आणि विचार कर, आधी काय होतं आणि त्यातलं टिकलं काय.

आता नवीन जात कशी होते. दावण्या औषधाला दाद देईना झाला तरी तो दावण्याच आहे. जात वेगळी कधी म्हणायची, तर दोन गटांची आपापसात धड संतती होत नाही तेव्हा, ही अर्न्स्ट मायर ह्या जीवशास्त्रज्ञाची १९४२ ची व्याख्या, परीक्षेत हीच लिही. सगळीकडं बसत नाही ती, ज्यांच्यात नरमादीच नाही त्या जीवांचं काय करणार, पण सुरुवातीला पुरते. बहुतेक वेळा आधी ताटातूट होते. मधे डोंगर नाहीतर दरी येते, ये-जा बंद होते, मग दोन्हीकडं वेगवेगळ्या चुका साठत जातात आणि पुढं कधी गाठ पडली तरी जमत नाही. आपल्या साताऱ्यात कोयनेला एक छोटासा भेक आहे, त्याला १९६३ मध्ये नाव मिळालं. त्याचा सख्खा भाऊबंद आंबोलीत, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला, त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली ती २००९ मध्ये. मधलं अंतर दीडशे किलोमीटरच्या वर. कातळावरच्या पावसाच्या उथळ पाण्यात अंडी घालणारा तो एवढासा जीव, तो काय एसटीनं आंबोलीला जाणारे? चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली सरडे बघितलेस का? नराच्या गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असतो, उन्हाळ्यात दगडावर चढून तो फुलवून दाखवत बसतो. २०१६ मध्ये त्यांच्या गटाला शास्त्रीय नाव दिलं ते 'सरडा', आपलाच शब्द! तिथं मादी कुणाचा पंखा पसंत करते ह्यानं पण वाटा फुटू शकतात.

पण दरवेळी हजारो वर्षं लागतातच असं नाही, आणि हे बघायला तुला पठारावर जायची पण गरज नाही. आईला विचार, डब्यात खीरीचा खपली गहू असेल. खपलीत गुणसूत्रं २८, पोळीच्या गव्हात ४२. दोन रानगवतांचा संकर होऊन १४ आणि १४ एकत्र आले, त्यातनं खपलीचं घराणं आलं. मग साधारण आठ-दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात त्या घराण्यातल्या गव्हाचा अजून एका रानगवताशी संकर झाला, १४ ची भर पडली, ४२ झाले. डोंगर नाही, दरी नाही, त्याच शेतात काही पिढ्यांत वेगळी जात! आता खपली आणि साध्या गव्हाचा संकर केलास तर पोराला येणार ३५, विषम आकडा, जोड्या लावताना सात गुणसूत्रं एकटी पडतात आणि दाणे नीट भरत नाहीत. म्हणजे मायरची व्याख्या तुमच्या स्वयंपाकघरात.

दोन्हीचे चार-चार दाणे ओल्या कापसावर टाकून बघ. मुळांची टोकं आली की घेऊन ये, माझ्याकडं जुना मायक्रोस्कोप आहे, भिंग जरा खरवडलंय, पण नीट रंग दिला तर २८ आणि ४२ मधला फरक दिसेल. मोजताना चुकतं, मी पण पहिल्यांदा ३९ मोजले होते. रविवारी नको, सोमवारी संध्याकाळी ये, आणि येताना द्राक्षाची पानं चार आण, मागं लव असलेली.