वाचकांचे प्रश्न : अलर्ट आला अन् थेंबही नाही, मग भरवसा ठेवायचा कसा?

प्रश्न : नमस्कार दादा, मी वरुड तालुक्यातला, पाच एकर वावर, निम्म्यात संत्रा अन् निम्म्यात गहू-हरभरा. मागच्या मार्चात मोबाईलवर दोनदा ऑरेंज अलर्ट आला, दोन्ही वेळा धावतपळत हरभऱ्याची गंजी ताडपत्रीनं झाकली अन् दोन्ही वेळा थेंबही नाही. तिसऱ्यांदा म्हटलं जाऊ द्या, तर त्याच दिवशी गारा! शेजाऱ्याच्या गोठ्याची टिनं उडून पार दुसऱ्याच्या धुऱ्यावर जाऊन पडली, तो म्हणते हे अमेरिकेतल्यासारखं टोर्नाडो होतं. खरं हाये का? अन् अलर्ट पाहावा का नाही ते सांगजा.

उत्तर : भाऊ, अलर्ट खोटा नव्हता अन् तुमचा राग पण खोटा नाही. ऑरेंज अलर्ट अख्ख्या जिल्ह्याला असतो, म्हणजे मेळघाटापासून तुमच्या वरुडपर्यंत सगळं आलं त्यात, अन् गारांचा ढग असतो पाच-दहा किलोमीटरचा, तो चिखलदऱ्याला बरसला तरी अलर्ट बरोबरच धरतात. म्हणून सकाळचा अलर्ट म्हणजे फक्त ‘आज ताडपत्री गंजीजवळच राहू द्या’ एवढंच समजायचं. झाकायचं कधी, ते दुपारी ठरवायचं.

दुपारी काय पाहायचं? हवामान खात्याचा नाऊकास्ट, तो पुढच्या तीन तासांपुरता असतो. अन् त्याहून कामाचं म्हणजे नागपूरच्या डॉपलर रडारचं, म्हणजे ढगातला पाऊस-गारा अन् वारा टिपणाऱ्या यंत्राचं चित्र, खात्याच्या वेबसाईटवर फुकट दिसते. रंगाच्या पट्टीवर आकडे (dBZ, म्हणजे ढगातून रडारला परत येणाऱ्या लहरींचा जोर) असतात, ५० च्या वरचा रंग दिसला की गारांची शक्यता धरा. पण एका चित्रावर जाऊ नका, वीस मिनिटांच्या फरकानं दोन चित्रं पाहा. तोच लाल ठिपका वीस मिनिटांत १० किलोमीटर सरकला असेल तर वेग झाला तासाला ३०, अन् तो तुमच्या गावापासून ३० किलोमीटरवर असून रोख तुमच्याकडंच असेल तर हातात एक तास आहे, तेवढ्यात गंजी आरामात झाकून होते. मधात ढग विरूही शकतो किंवा तुमच्या डोक्यावरच नवा तयार होऊ शकतो, त्यामुळं वर पण पाहत राहा. आणि हो, चित्रावर वेळेपुढं यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलेलं असलं तर साडेपाच तास मिळवा, नाहीतर जुनंच चित्र आहे म्हणून सोडून द्याल, मी सोडलं आहे एकदा.

आता टोर्नाडो. आपल्याकडं होत नाहीत असं नाही, पण ते जास्त करून बंगाल, ओडिशा अन् बांगलादेशाकडं. बांगलादेशात मानिकगंज जिल्ह्यात २६ एप्रिल १९८९ ला झालेल्या टोर्नाडोत सुमारे १३०० माणसं गेली असं सांगतात. तुमच्याकडं टिनं उडाली ती बहुतेक सरळ वाऱ्यानं. ढगाच्या पोटातली पावसा-गारांनी थंड झालेली जड हवा धाडकन खाली येऊन आपटते अन् जमिनीवरून पसरते. ओळखायची खूण सोपी आहे, वावरात जाऊन पडलेली झाडं पाहा. सगळी एकाच बाजूला झोपली असतील तर सरळ वारा, अन् अरुंद पट्ट्यात एक इकडं, एक तिकडं, आडवीतिडवी पडली असतील तर शेजाऱ्याचं ऐका. एप्रिलच्या उन्हात धूळ अन् कुटार घेऊन फिरते ती वावटळ तर अजूनच वेगळी, तिला वर ढगच लागत नाही. अमेरिकेत टोर्नाडोची वॉच म्हणजे होऊ शकते, अन् वॉर्निंग म्हणजे रडारवर फिरणारा वारा दिसला किंवा माणसानं डोळ्यानं पाहिलं. तिथंही नुसत्या रडारवर भागत नाही, कारण लांबवर रडारचा किरण जमिनीपासून किलोमीटरभर उंच गेलेला असतो, त्याच्या खाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

विजेचं मात्र हलक्यात घेऊ नका, माणसं तिच्यानंच जास्त जातात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप ठेवा, आजूबाजूला नुकत्याच कुठं विजा पडल्या ते दाखवते. नेट नसलं तर चमकल्यापासून गडगडेपर्यंत सेकंद मोजा अन् तीननं भागा, तेवढे किलोमीटर. पण मोजत बसायचं बांधावर नाही, गडगड ऐकू आली की झाडाखालून निघून पक्क्या घरात, अन् शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही, मोटर बंद करायची राहिली असली तरी!

अन् शेजाऱ्याला सांगा, टिनं नवीन टाकत असाल तर वर दगड ठेवू नका, हूकनं आवळा. आमच्या गोठ्यावर दगड होते, वादळात टिन गेलं तिकडं अन् दगड आला खाली गव्हाणीत, बैल वितभरानं वाचला.