पानं शाबूत आहेत!

प्रश्न : ‘सिंहासन’ सिनेमा पाहून त्याच नावाची कादंबरी वाचली. सिनेमातले काही प्रसंग सापडलेच नाहीत. माझ्या प्रतीतली पानं गळाली असतील का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : पानं शाबूत असतील हो! जब्बार पटेलांचा हा १९७९चा सिनेमा अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर बेतलाय. दुसरी ‘मुंबई दिनांक’. दोन्हींची मोट विजय तेंडुलकरांनी पटकथेत बांधली. नाव मात्र एकीचंच लागलं.

मी अंबाजोगाईला शिकताना आधी पुस्तक वाचलं. वाचनालयाच्या प्रतीत समासात कुणी पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘हा मंत्री म्हणजे कोण?’ खाली तीन निरनिराळ्या अक्षरांत तीन नावं. सिनेमा पाहिला अन् तो खेळच मोडला. आता मुख्यमंत्री म्हटलं की अरुण सरनाईकच दिसतात.

पत्रकार दिगूच्या बाबतीत मात्र सिनेमाला माझं झुकतं माप. पुस्तकात जे पानोपानी मुरतं, ते निळू फुले नुसत्या बघण्यातून पोचवतात. आमच्या मामांना ते इरसाल पाटील म्हणूनच ठाऊक, टीव्हीवर पाहताना शेवटपर्यंत म्हणत होते, “थांब, हा आता काहीतरी डाव टाकतंय बघ.”

‘मुंबई दिनांक’ मिळवा. राहिलेले धागे तिथं सापडतील.