शाकाहारी आई-बाबांना घेऊन इटलीतल्या बोलोन्याला जातोय. खासगी लोकल गाईड घ्यावा की पैसे वाया जातील?

घ्या, पण अर्ध्या दिवसासाठीच, आणि तोही पोचल्यानंतरच्या पहिल्या सकाळी. गाव बघायला गाईड लागत नाही. पियात्सा माज्जोरे हा मुख्य चौक, सान पेत्रोनिओ चर्चचं अर्धवट राहिलेलं दर्शनी अंग, नेपच्यूनचं कारंजं हे सगळं हाकेच्या अंतरावर आहे. पाऊस आला तरी छत्री काढावी लागत नाही, कारण शहरभर मिळून ६२ किलोमीटरचे कमानींचे छतवाले पदपथ आहेत. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. तिरक्या मनोऱ्याची गोष्ट तर हॉटेलवालाही सांगतो.

गाईड लागतो तो ताटात काय पडलंय हे कळायला. शाकाहारी माणसं सोबत असतील तर त्याला पर्याय नाही.

हे गाव डुकराच्या मांसावर पोसलेलं आहे. मॉर्टाडेला, म्हणजे डुकराच्या मांसाचा जाडजूड सॉसेज, इथलाच. तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरलेला चिमुकला पास्ता, दिसायला निरागस असतात, पण सारणात डुकराचं मांस, हॅम आणि मॉर्टाडेला असतो, शिवाय त्या वाढतात मांसाच्या सूपमध्ये. तळून टम्म फुगलेली क्रेशेन्तीना पुरीसारखी दिसते म्हणून आई-बाबा आनंदाने उचलतील, पण ती चरबीत तळलेली असू शकते. मेन्यू कार्डावर यातलं सगळं लिहिलेलं असेलच असं नाही. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, तेव्हा आमची गाईडबाई प्रत्येक दुकानात आधी "स्त्रुत्तो?" म्हणून विचारायची, म्हणजे डुकराची चरबी. सासूबाईंनी तो शब्द इतका पक्का केला की नंतर त्या स्वतःच काउंटरवर विचारायला लागल्या.

पार्मिजानो चीजबद्दलही घरी आधीच बोलून घ्या. ते वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने, विरजतात. तसा नियमच आहे, त्यामुळे 'शाकाहारी पार्मिजानो' नावाची वस्तू नसते. आमच्याकडे सासऱ्यांनी "आता कळलंच आहे तर नको" म्हटलं, सासूबाईंनी "मला काही ऐकू आलं नाही" म्हणून खाल्लं. दोघांनाही चालेल असं म्हणजे रिकोटा भरलेले मोठे तोर्तेल्लोनी, लोणी आणि सेज नावाच्या सुगंधी पानांत परतलेले. पण त्यांच्याही सारणात बहुतेक ठिकाणी पार्मिजानो असतो, तेव्हा तो नको असेल तर ते वेगळं विचारायला सांगा. इथल्या ताज्या पास्त्यात अंडं असतंच. अंडंही चालत नसेल तर गाईडला बुकिंग करतानाच कळवा.

फिरायचं ते क्वाद्रिलातेरोत, चौकाला लागून असलेल्या जुन्या बाजारात. आपल्या तांबट आळी, बोहरी आळीसारखी इथल्या गल्ल्यांनाही धंद्यांची नावं आहेत: सोनारांची, कापडवाल्यांची, जुन्या मासळी बाजाराची. एका दुकानात आत एक आजी मीटरभर लांब लाटण्याने पिवळीधमक पोळी लाटत होत्या. मध्येच त्यांनी ती लाटण्यावर गुंडाळून उजेडासमोर धरली. पलीकडचं टेकडीवरचं सान लुका चर्च आरपार दिसलं पाहिजे इतकी पातळ हवी, असं इथे म्हणतात. मग चौकोन कापून, चिमूटभर सारण ठेवून, बोटाभोवती वळवून तोर्तेल्लिनी. सासूबाई दहा मिनिटं जागच्या हलल्या नाहीत. आजींशी त्यांची जी बातचीत झाली ती सगळी हातवाऱ्यांची. गाईड आजींच्या ओळखीची होती म्हणून आम्हाला आत उभं राहता आलं, नाहीतर काचेबाहेरूनच बघावं लागतं.

पास्त्याच्या बाबतीत ही मंडळी किती काटेकोर आहेत बघा. शिजलेल्या ताल्यातेल्लेची (पट्ट्यांसारखा पास्ता) रुंदी ८ मिलिमीटर, हे माप १९७२ मध्ये इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवलंय, सोन्याच्या पट्टीसकट! रागूची, म्हणजे पास्त्यावरच्या मांसाच्या सॉसची, पाककृतीही तिथेच १९८२ मध्ये नोंदवली. म्हणून रागू स्पॅगेटीवर घातलेली 'स्पॅगेटी बोलोनेझ' मागू नका, गाईडने डोळे फिरवले तर मला सांगू नका.

दुपारी ओस्तेरिया देल सोलेला जा. १४६५ पासूनची ही जागा फक्त प्यायला देते, खायचं आपण बाहेरून आणायचं. शाकाहाऱ्यांसाठी याहून चांगली सोय नाही: बाजारातून ब्रेड, टोमॅटो, ऑलिव्ह, फळं घ्या आणि लांब बाकावर बसा. काहीतरी पेय मात्र विकत घ्यावं लागतं.

ठरवताना एवढं विचारा: दर माणशी आहे की गटाचा (खासगी गाईड सहसा गटाचा घेतात, चौघांत परवडतं), चाखण्याचे पैसे त्यात धरलेत की वेगळे, आणि परवाना आहे का. इटलीत गाईडला सरकारी परवाना लागतो. आई-बाबांचे गुडघे कसे आहेत तेही सांगून ठेवा, दगडी फरशीवर तीन तास उभं राहणं सोपं नाही.

चीज कारखाना बघायचा असेल तर तो वेगळा दिवस आणि गाडी असलेला गाईड. काम सकाळी चालतं, उशिरा गेलात तर धुतलेली तांब्याची भांडी दिसतील. पार्मिजानोच्या एका चाकासारख्या गोल ढेपेला साधारण ५५० लिटर दूध लागतं, आणि किमान १२ महिने मुरल्यावर परीक्षक छोट्या हातोडीने ठोकून, आवाज ऐकून ते पास करतो.

ऑगस्टच्या मध्यात जाणार असाल तर मात्र तारखा बदला. तेव्हा बरीच घरगुती दुकानं सुट्टीवर असतात आणि बंद शटरं दाखवायला गाईड कशाला.