गोट्याच्या पोटातला बायपास

प्रश्न : डॉक्टर, आमचा गोट्या दहा महिन्यांचा शिह त्झू. अंग धरत नाही, जेमतेम अडीच किलो. रविवारी मटण झालं की तास-दोन तासांनी गोल गोल फिरतो, कपाटाला डोकं टेकवून उभा राहतो, हाक मारली तरी बघत नाही. सासूबाई मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात. सकाळी पुन्हा ठणठणीत! सोनोग्राफीत 'लिव्हर शंट' निघालाय, ऑपरेशनला पुण्याला जा म्हणतात. एवढ्याशा जिवाचं पोट उघडायचं का? औषधावर नाही का भागणार?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, दृष्ट काढा, हरकत नाही, पण मटण आजपासून बंद.

आतड्यातलं रक्त अंगभर जाण्याआधी यकृतातून जातं. आपल्याकडे पूर्वी जकात नाका होता ना, तसंच. गोट्याच्या पोटात जन्मापासून एक जादा शीर आहे, तोच हा शंट. पुण्याहून हैदराबादला निघालेला ट्रक गावात न शिरता बायपासने जावा, तसं रक्त नाका चुकवून हृदयाकडे जातंय. मटण पचताना अमोनिया तयार होतो. यकृताने त्याचा युरिया करायचा, ते होत नाही आणि अमोनिया थेट मेंदूत. म्हणून ते कपाट. यकृताला रक्त पुरत नाही म्हणून तेही लहानच राहतं.

यात मी स्वतः चुकलेली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला अशाच एका माल्टीज पिल्लाला मिरगी समजून फेनोबार्बिटोन चालू केलं. झटके जेवणानंतरच येतात, हे घरच्या आजींनी मला दोनदा सांगितलं होतं. ते औषध निपटायचं कामही यकृताचंच. पिल्लू दिवसभर पेंगायचं आणि मी खूश, की डोस लागू पडला!

औषधावर काही कुत्री वर्षानुवर्षं काढतात, पण बायपास चालूच राहतो. लहान जातीच्या कुत्र्यांत ही शीर बहुधा यकृताच्या बाहेर असते, म्हणजे हाताला येते. गोट्याच्या वयात मी ऑपरेशनच सुचवेन. शीर एकदम बांधून टाकली तर आतड्यांकडच्या शिरांमध्ये रक्त तुंबतं, जीवही जातो. त्यासाठी एक छोटं कडं मिळतं, अमेरॉइड नावाचं : बाहेर स्टील, आत केसीन, म्हणजे दुधातलंच प्रथिन. पोटातलं पाणी शोषून ते आतल्या बाजूला फुगतं आणि काही आठवड्यांत शीर हळूहळू बंद होते. तोवर यकृताला जादा रक्ताची सवय होते. काही सर्जन सेलोफेनची पट्टी गुंडाळतात. लॅब्रेडॉरसारख्या मोठ्या कुत्र्यांत शीर बहुधा यकृताच्या आतच असते, ते काम वेगळं आणि अवघड.

जाण्याआधी एवढं करा. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, असं दोनदा रक्त घेऊन बाइल अ‍ॅसिड (पित्तातली आम्लं, यकृत रक्त नीट गाळतंय का ते यावरून कळतं) तपासून घ्या. सर्जन बहुतेक सीटी स्कॅन मागतील. त्यांना सरळ विचारा, अशी किती ऑपरेशनं केलीत? राग आला तर दुसरे बघा. निदान दोन आठवडे लॅक्टुलोज (माणसांना बद्धकोष्ठाला देतात तेच, डोस मात्र डॉक्टरांकडून) आणि सांगितलेलं अँटिबायोटिक चालू ठेवा. खायला भात, पनीर, अंडं. प्रथिन तोडायचं नाही, बदलायचं. भुलीआधी लघवीतल्या खड्यांसाठीही सोनोग्राफी करून घ्या. या दुखण्यातले खडे साध्या एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाहीत.

ऑपरेशननंतर तीन-चार दिवस त्याला दवाखान्यातच ठेवा, घाई करून घरी आणू नका. शीर नीट बांधली गेली तरी त्या दिवसांत काहींना झटके येतात. पथ्य आणि औषधं लगेच सोडायची नाहीत. दोन-तीन महिन्यांनी बाइल अ‍ॅसिड पुन्हा तपासून मग ठरवायचं.

प्रश्न : आमच्या पर्शियन मनीचे डोळे तांब्यासारखे आहेत आणि हल्ली लाळ गळते. तिलाही शंट असेल का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : शंट असलेल्या मांजरांत ही दोन्ही लक्षणं दिसतात, खरं आहे. पण बऱ्याच पर्शियन मांजरांचे डोळे मुळातच तांबूस असतात. आधी तोंड उघडून हिरड्या बघून घ्या.