सुपरहिरो पिक्चरमध्ये जोक किती टाकायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही मित्रमित्र मिळून वीस मिनिटांची सुपरहिरो शॉर्टफिल्म करताय, हिरो ठाण्यात पार्सल पोचवणारा पोरगा, मध्यावर त्याचे बाबा जातात, आणि तुमच्यातला एक जण म्हणतोय सगळीकडे जोक पेरा नाहीतर लोक झोपतील, दुसरा म्हणतोय मॅच्युअर पिक्चर करायचा तर एकही जोक नको. मग विनोद नक्की किती टक्के ठेवायचा?

टक्के आधी डोक्यातून काढा. मामलेदारला मिसळ मागताना तिखट की मीडियम ते सांगता येतं, पिक्चरचं तसं नसतं. मी एवढंच बघतो की जोक कोणाच्या तोंडी आहे आणि तो मारताना त्या माणसाचं आत काय चाललंय.

मी सिनेमावाला नाही हां. नोकरी ऐरोलीला, राहायला नौपाडा, पण कॉलेजपासून एकांकिका करत आलोय, कधी लाइट्स, कधी म्युझिक, दोनदा दिग्दर्शन, त्यामुळे लाफ्टर कुठे येतो आणि कुठे आला की वाट लागते हे थोडंफार अंगावर काढलेलं आहे. आमची एक एकांकिका होती २६ जुलैच्या पुरावर. एक म्हातारा, चाळीतल्या खोलीत पाणी शिरलंय तरी ट्रंक सोडून उठत नाही. शेजारी त्याला न्यायला येतो तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं असतं आणि म्हातारा ट्रंकेवर बसून म्हणतो, "चपला बाहेर काढून या." तालमीत दरवेळी यावर हसू यायचं आणि दरवेळी घशात काहीतरी अडकायचं पण, कारण तो काही जोक मारत नव्हता, त्याच्यासाठी ते अजून घरच होतं ना. प्रयोगाच्या दिवशी शेजाऱ्याचं काम करणाऱ्या आमच्या नटाने यावर ॲडिशन घेतली, म्हणजे संहितेत नसलेलं स्वतःचं काहीतरी टाकलं. तेव्हा टीव्हीवर चालू असलेल्या एका जाहिरातीची नक्कल केली त्याने, आणि लाफ्टर आला, जबरी आला, टाळीसकट आला, विंगेत आम्ही पण खूश. आणि पुढचा सीन मेला. म्हातारा पाण्याखाली जातो तिथे तिसऱ्या रांगेत कोणीतरी अजून खिदळत होतं.

एकाच सीनमधले दोन लाफ्टर. पहिला म्हाताऱ्याचा होता, दुसरा नटाचा. सुपरहिरो पिक्चरमध्ये पण हेच होतं, फक्त बजेट मोठं असतं.

आता दुःखात जोक चालतो का, तुमच्या दुसऱ्या मित्राचा मुद्दा. आमचे आजोबा गेले तेव्हा दहाव्याला कावळा शिवेना. तासभर सगळे उन्हात उभे, ज्याला जे सुचेल ते कबूल करतोय, गावचं घर विकणार नाही, धाकट्याचं लग्न लावून देऊ, आणि कावळा समोरच्या झाडावर ढिम्म. तेवढ्यात धाकटा काका म्हणाला, "अरे तो चहा बिनसाखरेचा ठेवलाय कोणीतरी, त्यावरून दहा वर्षं आईशी भांडले ते, आता तरी साखर घाला." सगळे हसले, आत्या पण हसली, आणि हसता हसता काका जो रडायला लागला तो आवरेना. आजोबा गेल्यापासून पहिल्यांदा रडत होता तो. (कावळा नाहीच आला, शेवटी दर्भाचा केला.) हाच जोक तिथे उभ्या असलेल्या एखाद्या लांबच्या पाहुण्याने मारला असता तर मार खाल्ला असता त्याने.

आता लोगन आठवा, २०१७ चा, जेम्स मॅनगोल्डचा. लोगन, म्हणजे वुल्व्हरिन, आपल्या म्हाताऱ्या गुरूला, चार्ल्सला, पाण्याकाठी पुरतो आणि दोन शब्द बोलायला जातो तर तोंडातून एवढंच निघतं की इथे पाणी आहे. बास, पुढे शब्दच नाहीत. मग गाडी चालू होत नाही आणि हा बाबा फावडं घेऊन गाडीलाच बडवायला लागतो. मुठीतून पंजे निघणारा माणूस, किती जणांना फाडलेलं, तो एका बंद पडलेल्या गाडीपुढे हरलाय. लिहून दाखवलं तर हा कॉमेडी सीन वाटेल. पडद्यावर पण जरासं हसू येतं आणि त्याच हसण्यात लक्षात येतं की याला रडता येत नाहीये. तो पिक्चर मॅच्युअर आहे तो यामुळे, रक्त आणि शिव्या तर कुठेही मिळतात.

थॉरचं उदाहरण जास्त मजेदार आहे, कारण एकाच कॅरेक्टरवर चांगलं-वाईट दोन्ही करून ठेवलंय. रॅग्नारॉक, २०१७, टायका वायटीटी. मला आवडतो, आधीच्या दोन पिक्चरमधला तो नाटकी थॉर माणसात आला त्यात. पण शेवटी ॲसगार्ड जळतंय, या माणसाचं अख्खं गाव डोळ्यांसमोर संपतंय, आणि तो दगडी कॉर्ग म्हणतो पाया शाबूत आहे, परत बांधू, लगेच स्फोट होतो आणि तो म्हणतो आता पाया पण गेला, सॉरी. थिएटरात मी पण फुटलो होतो हसून. घरी येताना घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बसल्याबसल्या वाटलं की अरे, त्या गावाबद्दल मला काहीच वाटलं नाही, वाटायच्या आत जोक येऊन गेला. आमच्या शेजाऱ्याची ॲडिशन होती ती.

पुढच्याच वर्षी इन्फिनिटी वॉर आला, रुसो भावांचा. त्यात थॉर आणि रॉकेट, तो बोलणारा रकून, छोट्या यानातून जातात तो सीन बघा परत. रॉकेट विचारतो भाऊ? मेला. बहीण, वडील? गेले. आई? तिला मारलं. जिवलग मित्र? त्याच्या काळजात भोसकलं. आणि थॉर हे सगळं हसत सांगतोय, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर ते राजपुत्राचं हसू. थॉरचा एक डोळा रॅग्नारॉकमध्येच गेलाय, मग रॉकेट त्याला चोरलेला नकली डोळा देतो, थॉर तो बसवतो आणि मग कळतं की तो डोळा चोरून आणताना रॉकेटने तो नको तिथे लपवला होता. इतका घाणेरडा जोक, पण दुःख कुठे कमी झालं? उलट दोघांची दोस्ती जमली त्यावर. रॉकेटला सांत्वन करता येत नाही, त्याला चोऱ्या करता येतात, म्हणून त्याने ते दिलं.

मग एंडगेम, २०१९. थॉरचं पोट सुटलंय, दिवसभर बिअर आणि व्हिडिओ गेम. माणूस आतून खलास झालाय आणि बाकीचे त्याच्या पोटावर टोमणे मारतायत, ते मला जरा खटकलं. पण तो भूतकाळात जाऊन आईला भेटतो, ती त्याला एका नजरेत ओळखते, धीर देते आणि निघताना म्हणते सॅलड खात जा. तोच पोटाचा विषय! पण आई बोलली ना. आपल्याकडे आई नसती बोलली तर काहीतरी बिनसलंय असं वाटलं असतं. आणि २०२२ चा लव्ह अँड थंडर, परत वायटीटी. थॉरच्या प्रेयसीला, जेनला, चौथ्या स्टेजचा कॅन्सर आणि त्याच पिक्चरमध्ये किंचाळणारे बकरे, परत परत, परत परत. बकऱ्यांवर माझा राग नाही, पण त्यांचा जेनशी काही संबंध नाही, ते प्रेक्षकाला गुदगुल्या करायला आणलेले.

डेडपूल म्हणाल तर तो वेगळा प्राणी आहे. २०१६ च्या पहिल्या पार्टमध्ये हिरोला, वेड विल्सनला, कॅन्सर, नंतर तोंडाची ती अवस्था, ज्या बाईवर प्रेम आहे तिच्यासमोर जायची हिंमत नाही, तो बडबडतोय कारण गप्प बसला तर आरसा दिसेल. (दुसरा पार्ट हिंदीत बघा कधी, रणवीर सिंगचा आवाज आहे, माझा भाचा तर इंग्लिशवाला बघायलाच तयार नाही.)

आता डार्क म्हणजे जोक नकोत, असं ज्यांना वाटतं ते सगळे डार्क नाइटचं नाव घेतात. २००८ चा, नोलनचा बॅटमॅन. अहो, त्यात किती हसायला आहे! वेन कंपनीतला तो हिशेबवाला ब्लॅकमेल करायला येतो तेव्हा फॉक्स झालेला मॉर्गन फ्रीमन त्याला शांतपणे म्हणतो की तुमचा क्लायंट जगातला एक बलाढ्य माणूस, रात्री नुसत्या हातांनी गुंडांना तुडवतो असं तुम्हाला वाटतं, आणि त्याला तुम्ही धमकी देणार? गुड लक. मोजक्या शब्दांत पंच, आणि फॉक्स माणूस काय आहे ते पण कळलं. जोकरच्या पेन्सिलचा सीन तर सांगायलाच नको, पेन्सिल गायब करून दाखवतो म्हणून तो एका गुंडाचं डोकंच तिच्यावर आपटतो, जादू बघायला आपण पुढे सरकतो, हसतो आणि मग आपलीच लाज वाटते की आपण हसलो कशाला. तिथे विनोदानेच पिक्चर काळा केलाय. जोकर झालेला हीथ लेजर पिक्चर रिलीज व्हायच्या आधीच गेला, ऑस्कर मागाहून मिळालं.

आणि त्याच बॅटमॅनचा १९९७ चा बॅटमॅन अँड रॉबिन. लोक त्याची टिंगल करतात, बॅटमॅन पट्ट्यातून स्वतःचं क्रेडिट कार्ड काढतो वगैरे, पण माझी तक्रार वेगळी आहे. मिस्टर फ्रीझची बायको असाध्य आजारी आहे, बर्फात गोठवून ठेवलेली, तिच्यासाठी तो सगळं करतोय. किती जबरदस्त व्हिलन! आणि श्वार्झनेगरच्या तोंडी काय दिलंय तर दर दोन मिनिटाला थंडीवरच्या कोट्या. बायको मरणपंथाला लागलेला माणूस अशा कोट्या करेल? करेलही, वेड लागलं असेल तर, पण मग ते वेड दाखवा ना. त्यानंतर मोठ्या पडद्यावर पुढचा बॅटमॅन यायला २००५ उजाडलं. जस्टिस लीगबद्दल जास्त लिहीत नाही, दिग्दर्शक स्नायडर मुलीच्या मृत्यूनंतर बाजूला झाला, दुसऱ्या दिग्दर्शकाने, व्हीडनने, नवे सीन शूट केले, आणि २०१७ च्या त्या पिक्चरमध्ये दोन सुतारांची करवत स्पष्ट ऐकू येते.

तुमचं बजेट बघता तुम्ही हे हॉलिवूडवाले सोडा आणि मिन्नल मुरली बघा. मल्याळम, २०२१, बेसिल जोसेफ. हिरो शिंपी आहे, व्हिलन चहाच्या टपरीवर काम करणारा, ज्याला गाव येडा समजतं, दोघांवर एकाच रात्री वीज पडते. शिंप्याचे उद्योग बघून हसून हसून पोट दुखतं, आणि दुसरीकडे तो व्हिलन शिबू एका बाईसाठी आयुष्यभर थांबलेला. त्याचं प्रेम बघताना आधी थोडं हसू येतं, गावाबरोबर आपण पण हसतो, आणि नंतर तेच हसणं आपल्या अंगावर येतं. आपला मिस्टर इंडिया पण घ्या, १९८७ चा, कॅलेंडर आहे, मोगँबो आहे, हनुमानाची मूर्ती गुंडांना बडवते, आणि त्याच पिक्चरमध्ये छोटी टीना बॉम्बस्फोटात जाते. तिच्या जाण्यावर एकही जोक नाही. शेखर कपूरला कळत होतं कुठे थांबायचं.

आता टायमिंग. नाटकात लाफ्टर आला की नट थांबतो, लाफ्टर उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकतो. सिनेमात पडद्यावरचा माणूस थांबत नाही, ती जागा एडिटमध्येच सोडावी लागते, नाहीतर हाऊसफुल्ल शोला पुढची दोन वाक्यं हसण्यात वाहून जातात आणि नेमकी तीच महत्त्वाची असतात. आणि जोकनंतर लगेच गंभीर सीन आणायचा असेल तर मध्ये काहीतरी कंटाळवाणं काम दाखवा, कोणी दार लावतंय, गॅस बंद करतंय, हेल्मेट काढतंय. प्रेक्षकाचा चेहरा बदलायला तेवढा वेळ लागतो. म्युझिक टाकून तो बदलायला जाऊ नका.

तर तुमच्या फिल्मबद्दल. हॉस्पिटलच्या बाहेर हिरोचा मित्र सुपरपॉवरवरून जोक मारतो असं तुम्ही लिहिलंय, तो काढा. बाबा त्या मित्राचे कोणी नाहीत, तो फक्त तुमच्या प्रेक्षकांची काळजी करतोय. जोक ठेवायचाच असेल तर आईला द्या. पोरगा उडून आलाय, आख्खं ठाणं ओलांडून, तरी पाच मिनिटं उशीर झालाय, आणि ती त्याच्याकडे बघून म्हणते, "जेवलास का? शर्ट कुठे फाडलास?" ती हे गंमत म्हणून बोलत नाहीये हे नटीला नीट सांगा, ती हसवायला गेली की संपलं. त्यानंतर तीन-चार सेकंद काहीच नको. पोरगा फाटलेली बाही लपवायला बघतो, एवढं पुरे.

आणि उडण्याचा सीन उपवनला घेणार असाल तर पहाटेच जा. साडेसहानंतर वॉकवाले काका लोक कॅमेऱ्यासमोर उभे राहून विचारतात कुठल्या सिरियलचं चालू आहे, आमचे दोन टेक त्यात गेलेत.