संगणक-शंका : दिसतं तसं नसतं, म्हणून मार्क जातात

प्रश्न : ताई, माझी मुलगी मुलुंडच्या एका कॉलेजात एफवायबीकॉमला आहे. कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलला वर्डमध्ये पत्र आणि एक्सेलमध्ये पगारपत्रक करायचं होतं. तपासलं सॉफ्टवेअरने, आणि दिले २० पैकी ९. आकडे सगळे बरोबर आहेत, मी स्वतः कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिले. बाईंना विचारलं तर म्हणतात, "मार्क मशीनने दिलेत, माझ्या हातात काही नाही." फाइली आणि मशीनने काढलेला रिपोर्ट सोबत पाठवतेय. लेकीचं चुकलं की मशीनचं?
— एक आई, भांडुप

उत्तर : रिपोर्ट पाठवलात हे फार बरं केलंत. बहुतेक जण नुसते मार्क कळवतात आणि मग मला अंदाजपंचे बोलावं लागतं. तुमच्या बाबतीत दोघांचंही चुकलंय. आधी लेकीचं बघू.

तुम्ही प्रिंट बघता. मशीन प्रिंट बघत नाही. वर्डची डॉकएक्स फाइल ही खरं तर झिप फाइल असते. तिची एक कॉपी काढा, नावाच्या शेवटचं डॉकएक्स खोडून झिप लिहा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाच्या फोल्डरात 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल सापडेल. कुठला परिच्छेद मधोमध, कुठला उजवीकडे, कुठल्याला कोणती स्टाइल, हे सगळं त्यात नोंदलेलं असतं आणि तपासणारं सॉफ्टवेअर ते वाचतं. तुमच्या मुलीने तारीख उजवीकडे सरकवायला स्पेसबार दाबत नेलाय आणि दुसरं पान सुरू करायला एंटरवर एंटर मारलेत. (दादरला क्लासमध्ये शिकवायचे तेव्हा स्पेसबारची ती टकटक ऐकू आली की मी मान वर न करताच ओरडायचे, "अलाइनमेंट!") फाइलमध्ये उजव्या अलाइनमेंटची नोंदच नाही, नुसत्या मोकळ्या जागा आहेत. हे मार्क गेले ते रास्तच गेले. उद्या ऑफिसात कुणी फॉन्ट मोठा केला की ती तारीख खालच्या ओळीवर जाऊन पडेल.

एक्सेलमध्ये सूत्र घातलं की फाइलमध्ये दोन गोष्टी राहतात: सूत्र आणि त्याचं शेवटचं उत्तर. 'एकूण'च्या रकान्यात तिने वरच्या तीन ओळींना सूत्र दिलंय, खालच्या ओळींत मात्र आकडे हाताने टाइप केलेत. वेळ संपत आली असणार. कॅल्क्युलेटरवर ते बरोबरच येणार, पण कुणाचा मूळ पगार बदलला तर एकूण जागचं हलणार नाही. इथेही मी मशीनच्या बाजूने.

आता मशीनचं. 'सेल ई२ : सूत्र जुळत नाही' असा शेरा आहे. मुलीने लिहिलंय =बी२+सी२+डी२, आणि रिपोर्टमध्ये अपेक्षित उत्तर दिलंय =सम(बी२:डी२). प्रश्नात 'सम फंक्शन वापरा' असं स्पष्ट म्हटलं असेल तर गप्प बसा. म्हटलं नसेल तर तिन्ही ओळींचे मार्क मागा, तो तिचा हक्क आहे.

दुसरा शेरा वाचून मात्र माझं डोकंच फिरलं. 'शीर्षक जुळत नाही.' शीर्षक आहे 'कर्मचाऱ्यांचे पगारपत्रक'. मॉडेल उत्तरातही तेच. मी दोन्ही अक्षर-अक्षर सुटी करून पाहिली. 'ऱ्यां'मधला मोडका र दोन तऱ्हांनी टाइप होतो. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर शिफ्ट आणि जे दाबून ऱ घ्यायचा, मग हलन्त आणि य. काही कीबोर्ड मात्र साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असं टाकतात. पडद्यावर, कागदावर तंतोतंत सारखं. पण युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांच्या, हिशेबात अक्षरं वेगळी, त्यामुळे नुसती तुलना करणारं सॉफ्टवेअर 'चूक' म्हणून मोकळं. मराठी पेपर तपासायला ठेवलेल्या यंत्राला 'ऱ्या' कळू नये, याला काय म्हणावं!

अर्ज लेखी द्या, तोंडी बोलू नका. फक्त हे दोन मुद्दे घाला, स्पेसबारचं नाव काढू नका. आणि बाईंना नम्रपणे सांगा की मॉडेल उत्तर मशीनमध्ये कुणीतरी माणसानेच भरलंय, तेव्हा ते दुरुस्तही होऊ शकतं.

प्रश्न : मॅडम, गिरगावात माझा छोटा क्लास आहे. प्रत्येक बॅचच्या एक्सेलच्या फाइली तपासताना रात्र सरते. पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहायला घेतलीय. कॉपी कशी पकडू तेही सांगा.
— क्लासचालक, गिरगाव

उत्तर : ओपनपायएक्सएल (एक्सेलच्या फाइली वाचणारी पायथनची लायब्ररी) वापरत असाल तर एक ध्यानात ठेवा: ते सूत्र वाचतं, सोडवत नाही. म्हणून सूत्राची मजकूर म्हणून तुलना करू नका, नाहीतर वरच्या भांडुपच्या आईंसारखं कुणाचं तरी पत्र तुमच्याबद्दल मला येईल. विद्यार्थ्याच्या फाइलमधले मूळ आकडे स्क्रिप्टने बदला, लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरकडून पडद्याआड पुन्हा गणित करून घ्या आणि मग उत्तर पाहा. नव्या आकड्यांवरही उत्तर बरोबर आलं तर सूत्र खरं, मग ते सम असो नाहीतर अधिकची चिन्हं. हाताने टाइप केलेला आकडा तिथेच उघडा पडतो.

कॉपीबद्दल: फाइलच्या आत कुणी बनवली, शेवटची कुणी सेव्ह केली आणि कधी, हे लिहिलेलं असतं. पण सुरुवातीची फाइल तुम्हीच सगळ्यांना वाटली असेल तर बनवणाऱ्याचं नाव सगळीकडे तुमचंच येणार. उगाच पोरांना उभं करू नका. शेवटचं सेव्ह करणारा पाहा, आणि लॅबमधल्या सगळ्या पीसींना एकच युजरनेम असेल तर तेही सोडून द्या.

आणि स्क्रिप्टवर डोळे मिटून विसंबू नका. हे दुखणं जुनं आहे. १९६० साली जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी अमेरिकेत पंचकार्डांवरचे (भोकं पाडलेल्या कार्डांवरचे) विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम यंत्राकडून तपासून घेतले, तेव्हाही विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येच ढवळाढवळ करू शकत होता. म्हणून तुम्ही मॅक्रो, म्हणजे आत छोटा प्रोग्रॅम, असलेल्या फाइली घेऊच नका.

प्रश्न : पॅकेट ट्रेसर या नेटवर्कच्या सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेटवर्क पूर्ण केलं, सगळीकडे पिंग (एका यंत्राने दुसऱ्याला दिलेली हाक) जातो, तरी ९२ टक्केच दाखवतं. उरलेले ८ कुठे गेले?
— डिप्लोमाचा विद्यार्थी, चेंबूर

उत्तर : पिंग जाणं ही एक गोष्ट आणि टक्के ही दुसरी. सरांनी एक उत्तराचं नेटवर्क बनवलेलं असतं आणि त्यातल्या कुठल्या गोष्टी मोजायच्या त्यावर खुणा केलेल्या असतात. तुझं काम त्यांच्याशी ताडलं जातं. 'चेक रिझल्ट्स' दाबून असेसमेंट आयटम्सची यादी उघड. सरांनी ती झाकली नसेल तर काय राहिलं ते तिथेच दिसेल. झाकली असेल तर राउटरचं नाव, पासवर्ड, बॅनरमधला मजकूर आणि इंटरफेसचं डिस्क्रिप्शन प्रश्नाशी अक्षरशः ताडून पाहा, स्पेलिंग आणि कॅपिटलसकट. पिंगला यातल्या कशाचीच गरज नसते, म्हणून तो बिनबोभाट जातो.